आपण यांना पाहिलंत का?

मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं तेव्हा आमच्या घरी टीव्ही कुणी बंद करत नसे आणि नीट बघतही नसे. आई पोळ्या लाटत असायची, वडील पेपरात डोकं घालून. पडद्यावर एकेक काळपट फोटो यायचा आणि एकाच सुरात वाचन चालायचं. नाव अमुक, वय वर्षे नऊ, वर्ण सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळी हाफ पॅन्ट, डाव्या भुवईवर जखमेची खूण, मराठी व हिंदी बोलतो. मग पोलिसांचा नंबर, आणि पुढचा फोटो. आवाजात कंप नाही, मागे वाद्यं नाहीत. लहान मुलाचा फोटो आला की आई मात्र लाटणं थांबवून वळून बघायची, 'नाही हो' असं काहीतरी पुटपुटायची आणि पुन्हा पोळीकडे वळायची.

ती त्या प्रश्नाचं उत्तर देत होती हे मला फार उशिरा कळलं. पाहिलंत का? नाही हो, नाही पाहिलं.

मूल हरवल्याच्या बातमीत आपल्याला विचारलेला असा हा एकच प्रश्न असतो. त्याचं उत्तर 'हो' असेल तर कुठे, किती वाजता, बरोबर कोण होतं, एवढं सांगायचं. 'नाही' असेल तर तेही उत्तरच आहे. बहुतेकांचं तेच असणार. पण आजकाल मूल हरवल्याची बातमी फुटली की हा प्रश्न सोडून बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं लोक देऊ लागतात. कुणी पळवलं असेल, का पळवलं असेल, आईबापांचं लक्ष कुठे होतं, पळवणाऱ्याचं काय करायला हवं. कुणी विचारलेलं नसतं, तरी उत्तरं तयार असतात.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेआठला एका मुलाचा फोटो आला. पलीकडच्या गल्लीतला, दहा-अकरा वर्षांचा, क्लासला गेला तो परतला नव्हता. पहिले काही हात जोडलेले निरोप आले आणि मग गाडी सुटली. आई नोकरी करते का? एवढ्या लहान पोराला एकटं पाठवतातच कसे? काल गेटपाशी एक भंगारवाला उगाच रेंगाळत होता. एकाच्या मेव्हण्याच्या ओळखीतले कुणी पोलिसात होते, ते म्हणाले म्हणे की टोळी उतरली आहे आणि किडनीचा मामला आहे. कुणीतरी एक व्हिडिओ टाकला, कुठला, कधीचा, पत्ता नाही. भर चौकात फाशी द्या, अशी मागणी झाली आणि तिला बरेच अंगठे मिळाले. अजून गुन्हा झाल्याचंच ठरलं नव्हतं आणि शिक्षा ठरली होती. मी नंतर तो सगळा सिलसिला पुन्हा वाचून काढला. संध्याकाळी पाच ते सात या वेळात त्या रस्त्याने कोण गेलं होतं, कुणी काय पाहिलं, असं एका वाक्यातही आलं नव्हतं. निदान 'मी त्या वेळी घरातच होतो' एवढं तरी?

मुलगा अकराच्या सुमारास मिळाला. परीक्षेतले मार्क घरी सांगायची भीती वाटून मित्राच्या गच्चीवर जाऊन बसला होता आणि तिथेच झोपला. 'मिळाला, आभारी आहोत' असा त्याच्या वडिलांचा निरोप आला. तो निरोप आमच्या ग्रुपपलीकडे गेला नाही. फोटो मात्र गेला. दोन दिवसांनी नागपूरच्या चुलतभावाने मला तोच फोटो पाठवला, 'आत्ताच हरवलाय, पुढे पाठवा' म्हणून. तीन महिन्यांनी तो बेळगावहून आला. तो मुलगा आता बहुधा शाळेत गणितं सोडवतो आहे आणि महाराष्ट्रभर अजून हरवलेला आहे.

या वागण्याला लोक 'असंवेदनशीलता' म्हणतात. मला ते पटत नाही. त्या रात्री ग्रुपवरचे सगळे खरोखरच घाबरलेले होते. भीती खरी होती, पण ती त्या मुलासाठी नव्हती, आपापल्या घरात टीव्ही बघत बसलेल्या आपापल्या मुलांसाठी होती. आईचं लक्ष नव्हतं म्हणून हरवला, असं एकदा ठरलं की सुटका होते, कारण आपलं लक्ष आहे. तान्ह्या बाळाच्या गालावर काळी तीट लावावी तसा हा दोष त्या बाईच्या कपाळावर लावायचा, आपल्या घराला दृष्ट लागू नये म्हणून. भंगारवाल्याचं तेच. संकट बाहेरून आलं, झोळी घेऊन आलं, म्हणजे आपल्या दाराला कडी लावली की झालं.

ही झोळी जुनी आहे. जेवत नसलेल्या पोराला 'गोसावी येईल आणि झोळीत घालून नेईल' असं सांगत आपल्याकडे किती पिढ्या जेवल्या असतील! त्याच गोसाव्याला त्याच घरातून पसाभर धान्यही मिळायचं, हे विशेष. माझ्या लहानपणी गावाजवळ पूल व्हायचा असला की पायात मूल पुरतात अशी आवई उठायची. त्या दिवसांत आम्हाला नदीकडे जायची बंदी असे. पुढे पुलांची जागा किडनीने घेतली. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण गावाच्या वेशीवर पाल ठोकणाऱ्या माणसाकडे बघायची नजर गेली नाही.

१ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप आणि चित्रफिती त्या भागात कित्येक दिवस फिरत होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना ठेचून मारलं. मारहाणीच्या चित्रफिती निघाल्या, त्याही फिरल्या.

मूल कुणाचंच हरवलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात देशभर जी चित्रफीत सर्वांत जास्त फिरली तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटरसायकलवर दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतलं एक उचलतात आणि निघून जातात. ती कराचीतल्या एका संस्थेने केलेली जनजागृतीची जाहिरात होती. मूळ फितीत शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि मूल पळवणं किती सोपं आहे, तेव्हा सावध राहा, असा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. मूल परत येतं तेवढाच भाग गेला आणि उरलेला भाग भारतभर माणसं मारत सुटला. आमच्या ग्रुपवर 'मिळाला' हा निरोप जिथल्या तिथे विरला आणि फोटो सुटला, ती हीच कात्री.

राईनपाड्याच्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला जमावाने घेरलं. परभणीकडची माणसं, मागून खाणारी, आणि बरोबर त्यांचंच दोन वर्षांचं मूल. तिथे काही स्थानिकांनी त्यांना घरात घेऊन दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत ते दार धरून ठेवलं. म्हणून ती माणसं वाचली. राईनपाड्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. या दारावर फारसं लिहिलं गेलं नाही. पुढे जुलैतच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबद्दल राज्यांना आदेश दिले. तरीही १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. मुलं पळवणारे फिरताहेत ही आवई तिथेही आधी पोचली होती.

शहरातल्या वाचकाला इथे 'खेड्यातली अडाणी माणसं' म्हणून सुटायचा मोह होईल. आमच्या सोसायटीत दोन डॉक्टर आहेत आणि एक वकीलही. भंगारवाला त्या रात्री गेटपाशी नव्हता, एवढाच फरक.

मग मुलं पळवणारे नसतातच का? असतात. कोल्हापूरच्या गावित मायलेकी महाराष्ट्र विसरलेला नाही. नव्वदच्या दशकात आई आणि तिच्या दोन मुलींनी पाकीटमारीसाठी मुलं पळवली, कडेवर मूल असलं की गर्दीत कुणी संशय घेत नाही म्हणून. तेरा मुलांचं अपहरण आणि त्यांतल्या काहींचा खून केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पाच खुनांबद्दल दोघी बहिणींची फाशी कायम केली आणि पुढे दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. या प्रकरणाची आठवण देऊन लोक म्हणतात, बघा, आमची भीती खोटी नाही. मीही तेच म्हणतो. पण त्यांच्याकडे झोळी नव्हती, दाढी नव्हती, परकी भाषा नव्हती. जत्रेत, बसस्टँडवर, देवळाच्या रांगेत कडेवर पोर घेतलेली मराठी बोलणारी बाई, जिच्यासाठी आपण आपणहून सरकून जागा करून देतो, ती ती होती. कडेवरचं मूल का रडतंय, एवढंच कुणी नीट पाहिलं असतं तर उपयोगाचं होतं. म्हणजे पुन्हा दूरदर्शनचाच प्रश्न.

आकड्यांकडे वळतो. ते वाहिन्यांवर असे काही वाचले जातात की ऐकणाऱ्याने मुलाला दप्तरासकट कपाटात कोंडावं. २०२२ साली देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद झाली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग सांगतो. त्याच वर्षी शोधून काढलेल्या मुलांचा आकडा, आधीच्या वर्षांत हरवलेली धरून, ८०,५६१. हा दुसरा आकडा वाचला जात नाही. तो वाचायला हवा. मुलं परत येतात हे कळलं म्हणजे काळजी संपत नाही, पण बुद्धी ठिकाणावर राहते. आणखी एक गोष्ट. १० मे २०१३ रोजी, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांनी गुन्हा नोंदवायचाच, आणि अपहरण किंवा तस्करी झाली आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातं. म्हणून अठरा वर्षांखालचं कुणीही घरातून निघून गेलं की कागदावर 'अपहरण' लागतं, पूर्वी कलम ३६३, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. मित्राच्या गच्चीवर झोपलेलं पोरही त्यात येतं. हा आदेश उत्तम आहे, 'दोन दिवस वाट बघा' म्हणून चौकीतून परत पाठवायची सोय त्याने काढून घेतली. पण पोलिसांनी कामाला लागावं म्हणून जे गृहीत धरायला सांगितलं, ते आपण सिद्ध झालेलं धरतो आणि म्हणतो, एवढी मुलं टोळ्यांनी उचलली.

त्या ८३,३५० मध्ये मुली किती? ६२,९४६. दर चारांतल्या तीन. शक्य असतं तर मी हा आकडा प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावला असता. आपल्या डोळ्यांपुढचं हरवलेलं मूल म्हणजे गालाला खळी पडणारं चार वर्षांचं पोर. बाहुली हातात, पोत्यात कोंबलेलं. पोलिसांच्या वहीतलं हरवलेलं मूल बहुतेक वेळा वयात आलेली मुलगी असते. तिची बातमी फुटली की ग्रुपवर आक्रोश होत नाही. तिथे एक वेगळीच शांतता पसरते आणि मग कुणीतरी खासगीत दोन शब्द लिहितं: 'पळून गेली'.

मराठीत या दोन शब्दांनी जेवढी प्रकरणं बंद केली असतील तेवढी कुठल्याही न्यायालयाने केली नसतील. पळून गेली म्हणजे आता शोधायचं काय? कुणाबरोबर, एवढंच कुतूहल उरतं. घरातलेही चौकीत जायला बिचकतात. गाजावाजा नको, उद्या तिचं लग्न व्हायचंय, धाकटीचंही व्हायचंय, आधी मामाकडे विचारू, मैत्रिणीकडे विचारू. ज्या पहिल्या काही तासांत स्टेशनवरच्या, एसटी स्टँडवरच्या कॅमेऱ्यांत ती सापडली असती, ते तास अब्रू सांभाळण्यात जातात. पंधरा वर्षांची मुलगी घर सोडून जाते तेव्हा मारहाण असते, ठरवून टाकलेलं लग्न असतं, शहरात काम देतो म्हणणारा दूरचा 'भाऊ' असतो, प्रेमही असतं. आणि प्रेमाने गेली तरी ती पंधरा वर्षांचीच असते. जिथे नेलं तिथे प्रेम राहीलच याची हमी तिला कोण देतं? लहान पोरासाठी गोंगाट आणि वयात आलेल्या मुलीसाठी कुजबूज. दोन्हींत आपण स्वतःचंच काहीतरी राखत असतो. तिला शोधायला ना गोंगाट उपयोगी, ना कुजबूज.

वाहिन्यांचं काय, असा प्रश्न येईलच. जुलै २००६ मध्ये हरयाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यातल्या एका गावी पाच वर्षांचा मुलगा कूपनलिकेसाठी खणलेल्या खड्ड्यात पडला. खाली कॅमेरा सोडला होता. जवळजवळ पन्नास तास देशाने ते मूल श्वास घेताना पाहिलं. सैन्याने बाजूच्या विहिरीतून आडवं खणत जाऊन त्याला जिवंत वर काढलं. मीही रात्रभर जागा होतो. तो आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच काळात नोएडाच्या निठारी वस्तीतली गरिबांची मुलं एकेक करून नाहीशी होत होती. आईबाप पोलिसांकडे खेटे घालत होते आणि 'पळून गेली असेल' हे उत्तर हिंदीत ऐकून परतत होते. कुरुक्षेत्राचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या कितीतरी वाहिन्यांची कार्यालयं त्याच नोएडात होती. खड्ड्यातलं मूल दिसत होतं. निठारीतली मुलं दिसत नव्हती, ती फक्त नव्हती. नसण्याचं चित्रण कसं करणार?

डिसेंबर २००६ च्या शेवटी निठारीतल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात हाडं आणि कवट्या सापडल्या, तेव्हा कॅमेरे आले, आणि जमावही आला. महिन्याभरात गाझियाबादच्या न्यायालयाच्या आवारात अटक झालेल्या दोन्ही आरोपींना मारहाण झाली, मारणारे वकील होते. फाशीच्या शिक्षा झाल्या. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांनाही फाशीच्या खटल्यांतून निर्दोष सोडलं आणि तपास किती ढिसाळ होता याचे वाभाडे काढले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शेवटच्या खटल्यातूनही एकाला मोकळं केलं. म्हणजे एकोणीस वर्षांनी कायद्याच्या दृष्टीने त्या मुलांना कुणीच मारलेलं नाही. देशाला दोन चेहरे मिळाले होते, त्यांच्यावर थुंकून झालं होतं. पुरावा नीट गोळा झाला का, हे त्या गदारोळात विचारणारा माणूस त्या दोघांचाच साथीदार ठरला असता. मूल शोधायची वेळ होती तेव्हा कुणी आलं नाही, आणि चोर मिळाल्यावर सगळे आले. याला मी जनक्षोभ म्हणणार नाही, वरात म्हणेन.

गोंगाटाचा आणखी एक तोटा आहे, तो मोजता येत नाही. मागच्या पावसाळ्यात एका एसटी स्टँडवर चार-पाच वर्षांची एक मुलगी खांबाला धरून रडत उभी होती. आसपास तिचं कुणी दिसेना. मी पन्नाशी ओलांडलेला पुरुष, खांद्याला शबनम. तिच्याकडे जाण्याआधी मी काय केलं असेल? आजूबाजूला कुणी बाई दिसते का ते पाहिलं. तिचा हात धरला आणि कुणी ओरडलं तर, हा विचार आधी आला, मुलीचा नंतर. शेवटी फळं विकणाऱ्या एका मावशींना हाक मारली. त्यांनी तिला पेरूची फोड दिली, कडेवर घेतली आणि नियंत्रकाच्या खिडकीपाशी जाऊन माइकवरून पुकारा करायला लावला. पाच मिनिटांत तिचा बाप धावत आला. ती पाच मिनिटं मी चार पावलं लांब उभा होतो, आणि मला माझीच लाज वाटत होती.

पंढरपूरच्या वारीत, गणपतीच्या गर्दीत, कुठल्याही जत्रेत मूल हरवलं की परक्या माणसाने त्याचा हात धरून त्याला पुकाऱ्याच्या मंडपात नेऊन बसवायचं, ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत खात्रीची शोधयंत्रणा. लाखोंच्या गर्दीत ती चालते ती परक्याच्या हातावर. त्या हाताचीच आपण इतकी दहशत घालून ठेवली की आता हात पुढे होत नाही. हरवलेल्या मुलाला मदत करणारा आणि मूल पळवणारा लांबून सारखेच दिसतात. दोघांनी मुलाचा हात धरलेला असतो. जवळ जाऊन विचारल्याशिवाय फरक कळत नाही, आणि जमाव जवळ जाऊन विचारत नाही.

प्रसिद्धीच नको, असं माझं म्हणणं नाही. गरिबाचं मूल हरवलं तर बातमी झाल्याशिवाय चौकीतली वही हलत नाही, हे निठारीनेच शिकवलं. अमेरिकेत १९९६ साली टेक्ससमधल्या एका मुलीच्या खुनानंतर सुरू झालेली अँबर अ‍ॅलर्टची पद्धत प्रसिद्धीवरच उभी आहे. पण तिथे ठरलेल्या कसोट्यांत बसलं तरच, मुलाचं वर्णन आणि गाडीचा नंबर असं काही हाती असलं तरच इशारा निघतो, आणि मूल मिळालं की तो मागे घेतला जातो. आपल्याकडे १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. १९९६ मध्येच, मुंबईच्या रस्त्यांवरच्या आणि स्टेशनांवरच्या मुलांसोबतच्या कामातून तो नंबर जन्माला आला, टाटा समाजविज्ञान संस्थेतून. एकटं मूल दिसलं तर हा नंबर लावायचा, बस. फोटो पुढे पाठवण्याइतकंच सोपं आहे, पण त्यात फोनवर समोरच्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. आणि फोटो पाठवायचाच असेल तर त्यावर तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव आहे का, ते बघायचं. मिळाल्याचा निरोप ज्यांना ज्यांना फोटो पाठवला त्या प्रत्येकाला पाठवायचा. सापडलेल्या मुलीवर काही अत्याचार झाल्याचं निष्पन्न झालं तर तिचं नाव आणि चेहरा दाखवणं हा गुन्हा ठरतो. तोवर तो चेहरा लाखभर फोनांत जाऊन बसलेला असतो, आणि तो तिथून काढून घेणारा कायदा अजून कुणाला सुचलेला नाही.

हे सगळं मनात घोळत असताना मला पुन्हा पुन्हा अंधेरीची गोष्ट आठवते. २२ जानेवारी २०१३ रोजी सात वर्षांची एक मुलगी शाळेत जाताना नाहीशी झाली. वस्ती रस्त्यावर आली, फलक लागले, पेपरांत आलं, मोहीम झाली. गोंगाट चांगला झाला, हवा तसा झाला. मूल नसलेल्या एका माणसाने तिला नेलं होतं. तो गोंगाट पाहून तो घाबरला, लोकांच्या हाती लागलो तर काय होईल या धास्तीने त्याने तिला कर्नाटकात रायचूरच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. पुढे त्याला स्वतःचं मूल झालं, तेव्हा त्याने तिला परत आणलं, ते मूल सांभाळायला. तोवर फलक केव्हाच उतरले होते. त्या माणसाचं कुटुंब अंधेरीतच गिल्बर्ट हिलच्या बाजूला राहायला आलं, तिच्या आईच्या घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. ज्यांनी तिच्यासाठी रस्ता अडवला असेल त्यांच्याच गल्ल्यांमधून ती जात-येत असणार. आपण यांना पाहिलंत का? पाहिलं असणार, कैक जणांनी.

डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्या वहीत ती १६६ वी मुलगी होती. २००८ ते २०१५ या काळात त्या ठाण्यात नोंदल्या गेलेल्या १६६ हरवलेल्या मुलींपैकी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६५ शोधल्या. ही एक राहिली. २०१५ साली ते निवृत्त झाले आणि तरी तिला शोधत राहिले. त्या १६५ मुलींची बातमी कुणी कधी फोडली होती, मला आठवत नाही.

मुलीला शेवटी शोधलं ते तिने स्वतःच. ती सोळा वर्षांची झाली होती, दुसऱ्याच्या घरी मुलं सांभाळायच्या कामाला जात होती. तिथल्याच एका कामवाल्या बाईला तिने आपली हकिकत सांगितली. त्या बाईने मोबाइलवर तिचं नाव आणि साल घालून पाहिलं. नऊ वर्षांपूर्वीचा फलक निघाला. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद होते. पाचवा वस्तीतल्या एका शेजाऱ्याचा होता, त्याने तो बदलला नव्हता. इतक्या वर्षांत आलेल्या खोट्या फोनांमुळे त्याचा आधी विश्वास बसला नाही. त्याने तिचा फोटो मागवला आणि तो तिच्या आईला नेऊन दाखवला.

आईने ओळखलं.